सात हात साखळी

फुलाबाई थांबली ती बरोबर रिंगणाच्या कडेला. कुत्र्याच्या पायांनी तुडवून तुडवून परसातल्या चिखलात अर्धगोल उमटला होता. त्याच्या आत गवताचं पातं उरलं नव्हतं आणि बाहेर टाकळा गुडघ्याच्या वर माजला होता. अर्धगोलाच्या मधोमध तिचं दार होतं. दाराशेजारच्या मेढीला साखळी आणि साखळीच्या टोकाला भुंग्या. तो धावत आला, साखळी ताणून मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्याच्या तोंडातला फेस तिच्या लुगड्यावर उडाला.

"या की वैनी," ओट्यावरून हैबती म्हणाला. हातातली सुपारी कातरायची त्यानं थांबवली नाही. "दार उघडंच हाय. कुणी अडीवलंय तुमाला?"

दार खरंच उघडं होतं. पंचांना सांगता यावं म्हणून तो ते रोज सकाळी स्वतः उघडत असे.

हैबती हा तिचा धाकटा दीर. तिचा नवरा चिमाजी कार्तिकात तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. नंतर आई अंथरुणाला खिळली म्हणून फुलाबाई पालीला माहेरी गेली आणि आईचं सगळं आटोपून श्रावणात परत आली, तर घरातून तिच्या वाटणीच्या खणात जायचं आतलं दार चिखलानं लिंपून टाकलेलं, परसाकडचं तेवढं उरलेलं. तिची भांडी गोठ्यात, चुलीपर्यंत पेंढा रचलेला. त्या खणाबरोबर ओढ्याकडची तीन भातखाचरंही गेली होती. "गेलेलं माणूस गेलं," हैबती म्हणाला होता. तो चिमाजीबद्दल बोलत होता की तिच्याबद्दल, हे त्यानं उघड केलं नाही.

वेल्ह्याच्या खोऱ्यातली ती बारा घरांची वाडी. भोरच्या कचेरीपर्यंत जाणं तिथल्या कुणाला परवडणारं नव्हतं, तेव्हा पंच बसले. त्या वाडीत घरं मोजायची ती चुलींवरून. जितक्या चुली तितकी घरं, आणि नवरात्रात तितकेच घट. आनंदराव पंचांत थोरले. ते म्हणाले, "घट बसायच्या आत फुलाबाईची चूल त्या खणात पेटली आन् धूर आमी डोळ्यांनी बघितला, तर घर येगळं, तीन खाचरं येगळी. न्हाई पेटली, तर ती पालीला गेली ती गेलीच, असं धरायचं."

हैबतीनं इतक्या झटकन मान हलवली की फुलाबाईला तेव्हाच कळायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी खिंडीपलीकडच्या एका मेंढक्याकडून त्यानं भुंग्या आणला. काळा, छातीला रुंद, एका कानाचं टोक फाटलेला. सात हात साखळी. दार त्या सात हातांच्या बरोबर मध्ये.

ती पुन्हा आनंदरावांकडे गेली. "राखणीला कुत्रं बांधाया पंचांची परवानगी लागती का?" त्यांनी विचारलं आणि चावडीवरची माणसं हसली.

पहिल्या खेपेला तिनं वाडीतलं कुणीही करील तेच केलं. काठी घेऊन सरळ दाराकडे चालत गेली आणि कुत्रा अंगावर येताच दगड उचलायला वाकली. वाडीतली कुत्री नुसतं वाकलेलं बघून पळत. भुंग्या पळाला नाही. ती वाकली, तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं आणि पुढच्या क्षणी ती चिखलात उताणी होती. लुगडं गुडघ्याशी फाटलं होतं, पोटरीवर तीन लाल ओरखडे होते. बांधावर उभं राहून सहासात माणसं बघत होती. कुणी खाली उतरलं नाही.

"वैनी, पळू नगा," हैबती हसत म्हणाला. "पळणारं माणूस लई आवडतं त्याला."

ती रतनबाईच्या पडवीत राहत होती. रतनबाई शेजारीण, विधवाच, पण तीन मुलगे असलेली. तिनं पडवी दिली ती दिवस मोजून. "घट बसंपातुर. पुढं एक दीस न्हाई. हैबत्याशी वाकडं घेऊन मला ऱ्हायाचं न्हाई हितं." पोटरीला हळद लावता लावता तीच म्हणाली, "घाल की कायतरी भाकरीत आन् मोकळी हो."

"एक मेलं तर दुसरं आणतील," फुलाबाई म्हणाली. "आन् पंचांना सांगतील, बाईनं मुकं जनावर मारलं."

त्याच आठवड्यात साळूबाई ताक घेऊन आली. ती वरच्या माळावरच्या धनगरवाड्यातली. कपाळावर आडवं गोंदण, आवाज दोन शेतं पलीकडे जाणारा. फुलाबाईची पोटरी बघून तिनं कसलीही हळहळ केली नाही.

"वाकलीस?"

"दगड घ्यायला."

"तुमी गावचं लोक. कुत्र्याला दगूड ठावा आन् भाकर ठावी. तिसरं काय न्हाई." तिनं मडकं खाली ठेवलं. "त्याचं काय बघत व्हतीस जाताना?"

"दात."

"दात शेवटाला. आदी शेपूट बघ, मंग कान, मंग तोंड. तोंड उघडं हाय तवर त्यो बोलतोय. मिटलं आन् अंग दगडागत झालं, की बोलनं संपलं."

"शेपूट हालवत होतं की. मला वाटलं—"

"डोंबल वाटलं! शेपूट काठीवानी वर आन् नुसता शेंडा हालतोय, म्हंजी त्यो म्हनतोय, अजून एक पाऊल टाक, मंग दावतो. कमरंपासनं समदं ढुंगान हाललं, म्हंजी बरा हाय. आन् डोळ्यात डोळं घालून जातीस त्याच्याकडं? तुज्या डोळ्यात कुनी अनोळखी गडी असा बघत आला तर तू काय करशील?"

"मग जाऊ कशी?"

"जाऊच नगं. बस. आडवी बस, त्याच्याकडं बघू नगं. त्याला तुज्याकडं बघू दे." मग एकदम तिचा आवाज चढला. "मी काय शिकवाया आले न्हाई हितं. ताक घेतंय का कोन, का जाऊ?"

दुसऱ्या दिवसापासून फुलाबाई रिंगणापासून दहा हातांवर बसू लागली. भुंग्याकडे उजवा खांदा करून, वाखाची दोरी वळत. पहिला सबंध दिवस तो भुंकला, घसा बसेपर्यंत. दोरी वळताना कान मोकळे असतात, आणि दुपारपर्यंत तिला दोन आवाज वेगळे करता येऊ लागले. ती बसून असली की भुंकणं चढं आणि सलग, तीनचार मिळून, मग श्वास. ती उठली की खालच्या आवाजात, एकेक, मध्ये जागा सोडून. एकदा तिनं मान वळवून सरळ त्याच्याकडे बघितलं, तर भुंकणंच थांबलं. तोंड मिटलं, वजन पुढच्या पायांवर आलं. साळूबाई म्हणाली होती तेच. ती शांतता भुंकण्यापेक्षा वाईट होती. तिनं मान हळूच फिरवली. काही वेळानं मागून त्यानं अंग झाडल्याचा आवाज आला, ओलं नसतानाही.

मग ती असल्याच गोष्टी बघू लागली. समोर खायला काही नसताना तो नाक चाटतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. दोन्ही वेळा त्याला जागा हवी असते. ती तेवढ्यानं मागे सरकली की तो खाली बसतो. बसण्यातही दोन प्रकार होते. मागचे पाय पोटाखाली घेऊन बसला, तर तो उठायला तयार आहे. एक मांडी बाजूला टाकून कुल्ल्यावर कलला, तर नाही. तो कलल्याशिवाय ती एक वीतही पुढे सरकत नसे. भाकरीचा तुकडा ती त्याला देत नसे, त्याच्या पलीकडे टाकत असे, म्हणजे तो घ्यायला जाताना तिच्याकडे पाठ व्हायची. पाठ करायला त्याला बारा दिवस लागले.

वाडीला करमणूक झाली. रानात जाता-येता माणसं थांबत. "काय फुलाबाई, कुत्र्याशी सोयरीक जमीवताय व्हय?" कमळाबाई, हैबतीची बायको, दर तासाला मागच्या दारात येऊन पितळीवर पळी बडवायची, की भुंग्या उसळलाच. मग पुन्हा पहिल्यापासून.

फुलाबाईला आणखी एक दिसलं. हैबतीच्या वहाणांचा आवाज आला, की भुंग्याचे कान मागे चिकटत, शेपूट पोटाखाली जाई आणि तो जांभया देत सुटे. त्याच आवाजाला ती स्वतः पदर ओढून जमिनीकडे बघायला लागते, हेही तिच्या ध्यानात आलं. त्या दिवसापासून तिनं पदर ओढणं सोडलं.

भाद्रपद अर्धा सरला तेव्हा एक दिवस कमळाबाई नवऱ्याला सांगत होती, "भाकर टाकाया गेलं की माझ्यावर गुरगुरतंय मेलं. घरात ऱ्हायाचं का मी?"

हैबतीनं काठी घेतली. कुत्रा गुरगुरला की मारायचा, थांबला की थांबायचं. "घरच्यांवर गुरगुर न्हाई. कळ्ळं? बाहेरच्यांवर कर." कुत्र्याला त्यातलं एवढंच कळलं की गुरगुरलं की काठी पडते. चार दिवसांत आवाज बंद झाला. हैबतीनं ओट्यावर बसून ज्याला त्याला सांगितलं, "सरळ केला."

फुलाबाई बारा हात मागे जाऊन बसली. गुरगुरण्याच्या आधीचं सगळं तसंच होतं, अंग ताठ होणं, डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसणं, आणि त्याच्या नंतरचंही तसंच असणार होतं. फक्त मधला इशारा कुणीतरी काढून घेतला होता. मारक्या बैलाच्या गळ्यातली घंटा काढल्यावर बैल गरीब होत नाही. आता तिला कानांवर विसंबता येणार नव्हतं. पूर्वी दोन दिवसांत जे अंतर कापलं जायचं, त्याला आता चार लागले. एकदा त्यानं पुढे येऊन तिच्या खाली सोडलेल्या मुठीचा वास घेतला, दोनदा ती भिंतीच्या कडेनं दारापासून तीन हातांपर्यंत पोचली. उंबऱ्यावर मात्र तो स्वतः निजत असे. तिथून त्याला हटवणं म्हणजे त्याची जागा घेणं होतं, आणि घाईनं घेतलेल्या जागेचं काय होतं, हे तिच्या पोटरीवर होतं.

सर्वपित्री अमावास्या उजाडली. दुसऱ्या दिवशी घट.

हैबतीनं आईबापांच्या आणि चिमाजीच्या नावानं पान वाढलं होतं आणि पंचांना जेवायला बोलावलं होतं. चिमाजीच्या बायकोला बोलावलं नव्हतं. दुपारी रतनबाईनं स्वतःच्या चुलीतले चार निखारे खापरीत घातले. नवी चूल काडेपेटीनं पेटवायची नाही, नांदत्या घरातून विस्तव आणायचा, अशी रीत. आणि महिनाभर रतनबाईनं तो नाकारला होता.

"आज कसा दिला?" फुलाबाईनं विचारलं.

"पेटली तर तू तिकडं जाशील. न्हाई पेटली तर पालीला जाशील. दोन्ही बाजूनं माझी पडवी मोकळी."

परसात माणसं हात धुऊन उभी होती. आनंदराव दात कोरत होते. फुलाबाई खापरी घेऊन रिंगणाच्या कडेला आली, तसा हैबतीला जोर चढला. त्याच्या हातात खीर, वडे, भात घातलेली पत्रावळ होती.

"बघा पंच. लोक म्हणत्यात मी कुत्रं उपाशी ठेवलंय, मारतोय. आमी खातो त्येच खातंय त्ये." त्यानं पत्रावळ भुंग्यापुढे ठेवली. "आन् ह्या वैनी बघत्यात तवर साखळी जरा सैल करतो. मुकं जनावर हाय, सणाचं फिरू दे थोडं."

साखळी गळपट्ट्यापाशी सुटली, तर परस सगळंच कुत्र्याचं. सगळ्यांना ते कळलं.

भुंग्या खात होता. हैबती वाकला, तसं खाणं थांबलं. तोंड पत्रावळीवरच, पण मिटलेलं. मान खाली, खांदे वर. शेपूट सरळ वर उठलं आणि त्याचा शेंडा सावकाश इकडून तिकडे झाला. काही आवाज नाही.

"बघा," हैबती म्हणाला, "शेपूट हालीवतंय. मालक कळतो."

फुलाबाईला वाटलं, गप्प राहावं. तेवढं वाटायला जितका वेळ लागतो तितका वेळ ती गप्प राहिलीही.

"भावजी," ती म्हणाली, "हात मागं घ्या. सरळ उभं ऱ्हा आन् मागं सरा. आत्ता."

"तुमी मला शिकवा आता!" तो तिच्याकडे बघून हसला आणि न बघताच त्यानं गळपट्ट्याकडे हात घातला.

कुणाला कुत्रा हललेला दिसलाच नाही. फक्त हैबती ओरडला आणि तो मागे पडला तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी मांस उघडं झालं होतं. भुंग्या पत्रावळीवर आडवा उभा होता, चारही पाय ताठ, पाठीवरचे केस उभे.

एकच गलका झाला. कमळाबाई तिखटाची वाटी घेऊन धावली. "पिसाळलं! पिसाळलं!" कुणीतरी ओरडलं. "कुऱ्हाड आणा," हैबती म्हणाला, पांढराफटक.

"जा, फुलाबाई, जा आत!" बांधावरून कुणी हाक दिली. "त्याचं ध्यान न्हाई, पळ!"

ती जागची हलली नाही. "तिखट भरू नका," ती म्हणाली. "वाहत्या पाण्याखाली धरा हात. लई येळ. साबण असंल तर साबण. आन् कुऱ्हाड घातली तर भावजीला जलमभर कळणार न्हाई."

"काय कळणार न्हाई?" आनंदरावांनी विचारलं.

"पिसाळलं होतं का न्हाई त्ये. पालीला देवी काढाया येणारा डाक्तर सांगून गेलाय. पिसाळलेलं कुत्रं धा दिवसांत मरतं. धा दिवस बांधून ठेवायचं, जितं ऱ्हायलं तर माणसाला भ्या न्हाई. सुया मात्र आजच पुण्याला जाऊन सुरू करा, वाट बघू नका." मग तिनं दिराकडे सरळ बघितलं. "मारा हवं तर. मरतंय का जगतंय हे रोज कुणाला बघायचंय, तुमाला का मला?"

हैबतीनं तिला एक शिवी दिली. पण आलेली कुऱ्हाड भिंतीला टेकून राहिली.

सगळे हैबतीला घेऊन पन्हळाखाली गेले. परसात पंच उरले, आणि भुंग्या. खापरीतल्या निखाऱ्यांवर राखेची साय धरत होती. फुंकर घालायची तर मान खाली घालावी लागणार आणि तेवढा वेळ कुत्र्यावरची नजर जाणार. तिनं फुंकर घातली नाही. खांदा त्याच्याकडे करून, नजर त्याच्या पायांवर ठेवून ती उभी राहिली.

"निवला इस्तू," एक पंच म्हणाला, आणि त्याला ते बरं वाटल्याचं त्याच्या आवाजात लपलं नाही.

पाय ताठ होते. मग पुढचा डावा पाय जरा सैल झाला. केस बसायला वेळ लागला. ती बोटानं खापरीच्या बुडाची ऊब चाचपत होती. ती कमी कमी होत होती. भुंग्यानं नाक चाटलं. तिनं अर्धं पाऊल मागे घेतलं.

"आता मागंच जाती," तोच पंच म्हणाला.

भुंग्यानं मान वळवली, डोक्यापासून शेपटापर्यंत अंग झाडलं आणि पत्रावळीवर खाली वाकला. या वेळी शेपूट कमरेच्या रेषेत, सैल. तोंड हलत होतं. खाताना त्याच्याजवळून जायचं नसतं, हे तिला आता कुणी सांगायची गरज नव्हती. ती थांबली. त्यानं पान चाटून कोरडं केलं, चार पावलं चालून जाऊन रिंगणाच्या दुसऱ्या कडेशी वास घेतला आणि सावलीला बसला. मांडी बाजूला टाकून.

ती भिंतीच्या कडेनं चालली, घाई न करता, त्याच्याकडे तोंड न करता. सात हातांना किती वेळ लागला हे तिला सांगता आलं नसतं. उंबरा ओलांडला तेव्हाच तिनं पहिल्यांदा खापरीत फुंकर घातली. तीन निखारे मेले होते. चौथ्याच्या पोटात लाल होतं.

चुलीवरचा पेंढा तिनं हातांनी ओढून काढला, त्यातलाच मूठभर वाळका घेतला, निखारा त्यावर ठेवला आणि चुलीत तोंड घालून फुंकत राहिली. धूर आधी डोळ्यांत गेला, मग घशात, मग कौलांच्या फटींतून वर.

बाहेरून आनंदराव बोलले, नाइलाजानं, जेवलेल्या घराकडे न बघता. "धूर बघितला."

"बाईनं कुत्र्यावर करणी केली," परतलेल्या कमळाबाईचा आवाज आला. "त्याशिवाय मालकाला चावंल का?"

"कुत्रं कुणी आणलं व्हतं?" आनंदरावांनी विचारलं. पावलं निघून गेली. शेवटी रिंगणाच्या पुष्कळ बाहेरून कमळाबाई पुन्हा ओरडली, "जाऊबाई! भांडी गोठ्यात हायेत तुमची. येऊन न्या. आमी कुणी तिथं आणून देणार न्हाई."

घट मांडायला परडी हवी होती, पाण्याला घागर, भाताला एक तरी पातेलं. फुलाबाईनं दोन काटक्या आत सारल्या आणि ती उठली. भुंग्या परत येऊन उंबऱ्यावर आडवा पडला होता, तिच्याकडे पाठ करून, डोळे मिटून. दाराची रुंदी त्यानं सगळी व्यापली होती. पाय उचलून ओलांडलं असतं तर एका ढांगेत ती बाहेर गेली असती.

ती परत चुलीशी जाऊन बसली. आग टिकवायला पेंढा भरपूर होता. भुंग्या आपण होऊन उठेपर्यंत तिला वेळ होता.